बसला, पण कुठं बसला

डिसेंबरातली सकाळ, सहाला दहा कमी, आणि फोनवर आबा काही बोलतच नव्हते, नुसता सेल्फचा आवाज ऐकवत होते. घर्र घर्र घर्र, मग थांबायचे, मग परत घर्र घर्र. तिसऱ्या खेपेला म्हणाले, "ऐकलंस?" म्हणलं ऐकलं. "मग ये आता." फोन बंद.

मी अंथरुणातच बसून राहिलो दोन मिनिटं. बॅटरी तर चांगली फिरवतेय की, उलट जरा जास्तच चांगली फिरवतेय, आणि तेच मला खटकलं. सहा सिलिंडरचं डिझेल थंडीत असं हसतखेळत फिरत नाही, प्रत्येक सिलिंडर दाबावर आला की सेल्फ कण्हतो, भरलेला पोहरा वर ओढताना रहाट कुरकुरतो तसा. हा आवाज भरल्या पोहऱ्याचा नव्हता. वर येईपर्यंत निम्मं पाणी सांडलेल्या पोहऱ्याचा होता.

आणि त्या गाडीचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं व्हॉल्व असलेलं झाकण, मीच बांधलं होतं. अकरा दिवसांपूर्वी.

आमचं शेड कराडच्या अलीकडं, हायवेला लागून. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांचे बॉयलर पेटले की मार्चपर्यंत आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते, कारण ऊस वाहणारी निम्मी वाहनं वर्षभर धूळ खात पडलेली असतात आणि हंगामात एकदम जुंपली जातात. त्यात बाकी कुठल्याही गिऱ्हाईकापेक्षा ऊसवाल्याची घाई वेगळी. टोळी बीडकडून आलेली असते, उचल दिलेली असते, ऊस तुटून गाडीत पडला की वाळायला लागतो, वाळला की वजन घटतं, वजन घटलं की पैसे घटतात. त्यामुळं भरलेली गाडी फडात चालू होईना म्हणजे काय, हे आबांनी मला सांगायची गरज नव्हती. सेल्फच ऐकवला, बास झालं.

गाडी जुनी, इंजिन ६९७. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा आकडा म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), त्यामुळं त्याच घराण्यातलं चार सिलिंडरचं ते ४९७. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डेमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षं होता, त्या काळातल्या जर्मन इंजिनाचं रक्त यात आहे, आणि माझ्या मते आपल्याकडच्या मिस्त्री लोकांच्या दोनतीन पिढ्या याच इंजिनावर हात बसवून तयार झाल्या. माझाही हात यावरच बसला. म्हणजे निदान मला तसं वाटत होतं.

फडात पोचलो तर टोळीतल्या बाया चुलीपाशी शेकत बसलेल्या, आबा मफलर बांधून बोनेटपाशी. सेल्फ मारला. सायलेन्सरमधून पांढरा धूर, डोळ्याला झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा. पांढरा धूर बघून लोक लगेच पाणी जातंय म्हणून बोंब मारतात, पण पाण्याच्या वाफेनं डोळे असे चुरचुरत नाहीत. हे डिझेल होतं, फवारलं जात होतं पण पेटत नव्हतं. ट्रॅक्टर लावून टोचन करून गाडी ओढली, शंभरेक पावलांवर धडधडली, एक मिनिट सगळं रान धुरानं भरून टाकलं, आणि पाच मिनिटांत असा स्वच्छ आवाज की जणू काही झालंच नव्हतं. आबा माझ्याकडं बघत होते. मी गाडीकडं बघत होतो.

"नवीन हेड म्हणं," आबा म्हणाले. एवढंच.

माल खाली करून दुपारी गाडी शेडला आली. आता इथं मी जे केलं ते थोडं लाजिरवाणं आहे पण सांगतो, मी सगळ्यात आधी दुसऱ्यांच्या कामावर संशय घेतला. इंजिनाचा डिझेल पंप कुणी बसवला होता, सिलिंडरात डिझेल फवारणारे नोझल कुणी टेस्ट केले होते, डिझेल कुठल्या पंपावर भरलं, लाइनमध्ये हवा आहे का. टायमिंग बघितलं, बरोबर. नोझल काढून हातपंपावर मारले, फवारा झकास. दोन तास यातच गेले, आणि पिंट्या (माझा हेल्पर, वय एकोणीस, तोंड चाळीस) म्हणाला, "दादा, हेडाच्या आधी ही सकाळी पहिल्या सेल्फला लागायची ना? मग आपण हेड सोडून सगळंच का बघतोय?"

बरं. कॉम्प्रेशन गेज लावला, सिलिंडरात हवा किती दाबली जातेय ते मोजणारा. सहापैकी पाच सिलिंडर २२ च्या आसपास, पाचवा साडेवीस. असल्या इंजिनाला, पिस्टनच्या रिंगा अर्ध्या झिजलेल्या धरल्या तरी, २४ च्या आसपास मिळावेत अशी माझी अपेक्षा. म्हणजे सगळेच थोडे कमी आणि पाचवा जरा जास्त कमी.

आता कॉम्प्रेशन कमी म्हणलं की कुणीही म्हणणार व्हॉल्व लीक, म्हणजे हवा आत घेणारी (इनलेट) नाहीतर धूर बाहेर सोडणारी (एक्झॉस्ट) झडप नीट मिटत नाही. मीही तेच म्हणलं. पिस्टन वर आणला, गाडी गिअरात टाकली म्हणजे हवेच्या दाबानं इंजिन फिरायला नको, नोझलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि कान लावला. इनलेट मॅनिफोल्डला कान, काही नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी पिंट्याला पाठवला, काही नाही. ऑइल ओतायच्या तोंडाशी थोडी फुसफुस, ती रिंगांची, ती तेवढी असणारच. पाचव्याला तर मी डोळे मिटून ऐकलं. व्हॉल्व ठार गप्प.

लीक नाही आणि तरी दाब नाही, हे ज्याला कळलं त्याला निम्मं इंजिन कळलं असं आमचे उस्ताद म्हणायचे, म्हणजे ते हे असं म्हणायचे नाहीत, ते शिवी देऊन म्हणायचे, पण अर्थ हाच. हवा पळून जात नसेल आणि तरीही पुरेशी दाबली जात नसेल तर दोनच गोष्टी. एक तर हवा मुळात आतच कमी येतेय. नाहीतर ती दाबायला जी जागा आहे ती जागाच मोठी झालीय. जागा मोठी व्हायला हेडाखालचं गॅस्केट जाड पाहिजे, किंवा पिस्टन आखूड, किंवा रॉड वाकलेला, किंवा.

त्या "किंवा"पाशी आलो आणि माझ्या पोटात खड्डा पडला. कारण मला आठवलं की मी ते बघितलं होतं.

रॉकर कव्हर काढलं. रॉकर म्हणजे व्हॉल्वची दांडी दाबणारी छोटी तरफ, तिचं दुसरं टोक खालून पुशरॉड नावाची काठी उचलते. टॅपेटची फट ॲडजस्ट करायचा स्क्रू असतो ना, रॉकरच्या पुशरॉडकडच्या टोकाला, वर लॉकनट. नटाच्या वर स्क्रूचे आटे किती दिसतात हे सहसा कुणी बघत नाही, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जाते का घट्ट बसते एवढंच बघतो आपण. पण बाराच्या बारा स्क्रू एका नजरेत घ्या. माझ्या या इंजिनात सगळेच वर आलेले होते, आणि पाच नंबरच्या एक्झॉस्टचा तर बाकीच्यांपेक्षा ठळक उंच, गर्दीत एखादा माणूस टाचा उंचावून उभा असावा तसा. व्हॉल्व हेडमध्ये आत रुतला की त्याची दांडी वरच्या बाजूनं तेवढीच बाहेर येते, दांडी वर आली की रॉकरचं ते टोक उचललं जातं, पुशरॉडकडचं टोक खाली जातं, आणि टॅपेटची फट मिळवायला स्क्रू मागं घ्यावा लागतो. मी घेतला होता. अकरा दिवसांपूर्वी, याच हातांनी, स्क्रू नेहमीपेक्षा जास्त मागं घेताना मला जाणवलं होतं, आणि मी मनात म्हणलो होतो, असेल. लॉकनट आवळला आणि पुढच्यावर गेलो.

रॉकर शाफ्ट उतरवला. पेटीतली स्टीलची फुटपट्टी घेतली, साधीच, एका बाजूचे इंच पुसले गेलेत तिचे. ती कडेवर उभी धरून तीन-तीन दांड्यांच्या टोकांवर ठेवली आणि पिंट्याला म्हणलं मागून मोबाइलचा टॉर्च धर. चौथ्या, पाचव्या, सहाव्यावर ठेवली तर पट्टी पाचव्याच्या एक्झॉस्टवर डुलायला लागली, पाळण्यासारखी. एका बाजूला दाबली की दुसऱ्या बाजूनं उजेडाची फट. दांड्यांची टोकं कुणी घासलेली नव्हती, व्हॉल्व एकाच सेटचे, म्हणजे टोकांचा हा चढउतार खाली सीटमधलाच, व्हॉल्व ज्या गोल कडेवर टेकतो तिच्यातला. हेड न काढता एवढं कळतं. किंबहुना हेड बसवायच्या आधीच कळलं असतं, बाकावर, चहा पीत पीत.

आता हे "बसणं" काय प्रकार आहे ते जरा सांगतो, कारण माझी सगळी चूक या एका शब्दात आहे. आपल्याकडं सगळंच बसतं. हिशोब बसतो, गणित बसतं, हात बसतो, घडी बसते. आणि धंदाही बसतो आणि इंजिनही बसतं, ते मात्र वाईट. व्हॉल्व बसला का, असं आम्ही विचारतो तेव्हा आम्हाला विचारायचं असतं की तो सीटवर सगळ्या गोलाईत सारखा टेकला का, हवा सोडत नाही ना. त्याची परीक्षा सोपी. खुणेचं निळं लावून फिरवायचा, निळ्या रंगाची अखंड पट्टी उमटली पाहिजे. किंवा हेड कुशीवर ठेवून, हवेची भोकं म्हणजे पोर्ट वर करून, त्यात रॉकेल ओतायचं आणि अर्धा तास वाट बघायची, पाझरलं नाही म्हणजे बसला. माझ्या या हेडानं दोन्ही परीक्षा पहिल्या नंबरानं पास केलेल्या. मशीनशॉपवाल्यानं सीट अशा कापल्या होत्या की फोटो काढून भिंतीला लावावा. पण रॉकेलला फक्त एवढंच कळतं की व्हॉल्व बंद होतो का. तो कुठं बंद होतो, हेडाच्या तोंडापासून किती आत, हे रॉकेलला कळत नाही, निळ्यालाही कळत नाही. त्याला डायल लागतो, काट्यानं बारीक माप दाखवणारा गेज. हेडाच्या सपाटीवर डायल शून्य करायचा, सरकवून व्हॉल्वच्या टिकलीवर (त्याच्या गोल चकतीवर) न्यायचा, आकडा वाचायचा. एका व्हॉल्वला अर्धा मिनिट. बारा व्हॉल्वना सहा मिनिटं. मी ती सहा मिनिटं वाचवली होती.

हेड उतरवलं आणि मोजलं. या इंजिनाचा पुस्तकातला आकडा मी मुद्दामच इथं देत नाही, कारण मला माहितेय कोणीतरी तो उचलून भलत्याच इंजिनाला लावणार, प्रत्येक मॉडेलला तो वेगळा असतो आणि इनलेट-एक्झॉस्टलाही वेगळा असू शकतो. एवढं सांगतो की असायला पाहिजे त्यापेक्षा बहुतेक व्हॉल्व १.२ ते १.४ मिलिमीटर जास्त आत होते, आणि पाचचा एक्झॉस्ट १.९.

ऐकायला किरकोळ वाटतं ना? दीड मिलिमीटर म्हणजे काय, एका जाड नखाएवढं. म्हणून त्या रात्री मी जेवण झाल्यावर मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. ९७ चा बोअर, १२८ चा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल), एका सिलिंडरचा पसारा झाला साधारण ९४६ सीसी. कॉम्प्रेशन रेशो १७ धरला तर ती सगळी हवा शेवटी ५९ सीसीत कोंबायची, म्हणजे कटिंग चहाच्या ग्लासात जेमतेम मावेल एवढ्यात. आता इनलेटची टिकली ४२ मिलिमीटरची आणि एक्झॉस्टची ३६ ची धरा, दोन्ही १.४ नं आत गेल्या, तर वाढलेली जागा सुमारे ३.४ सीसी. चहाचा पाऊण चमचासुद्धा नाही. पण ५९ मध्ये तेवढे मिळवले की रेशो १७ वरून १६.१ वर येतो. दुपारी गरम इंजिनाला याचं काही वाटत नाही. पण थंडीत, जेव्हा लोखंड गार, हवा गार, सिलिंडरच्या भिंती ती थोडीफार झालेली उष्णता पण पिऊन टाकतात, तेव्हा या इंजिनाला डिझेल पेटवायला दुसरं काही नाही, दाबलेल्या हवेची ऊब हेच त्याचं काडेपेटीचं गुल. ते मी पाऊण चमच्यानं ओलं केलं होतं. नवं कोरं इंजिन असतं तर एवढ्यानं अडलं नसतं कदाचित, पण रिंगा अर्ध्या झिजलेल्या, आणि हा पाऊण चमचा, आणि नेमकी थंडी त्याच आठवड्यात पडली. त्याआधीचे दहा दिवस गाडी लागत होती ती उन्हाच्या मेहेरबानीनं.

आणि नुकसान एवढंच नाही. व्हॉल्व खड्ड्यात बसला की उघडतानाही खड्ड्याच्या कडा त्याच्याभोवती उभ्या, हवेला वाट अरुंद, म्हणजे आत येणारी हवापण कमी. व्हॉल्व मिटवणाऱ्या स्प्रिंगला दीड मिलिमीटर जास्त मोकळीक, म्हणजे तिचा जोर कमी, व्हॉल्व मिटतो तो सुस्तपणे. स्प्रिंगखाली वायसर टाकून तो जोर परत आणता येतो, पण मोकळी जागा वायसर टाकून परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी हेड पिकअपमध्ये घालून मशीनशॉपवर गेलो. नाव सांगत नाही, चांगला माणूस आहे, तालमीत होता म्हणून सगळे पैलवान म्हणतात. मी आधीच तापलेलो. म्हणलं, "पैलवान, किती कापलंस रे?" तो म्हणाला, "लागंल तेवढं." म्हणलं लागेल तेवढं म्हणजे किती. तर म्हणाला, "सीटला खड्डं हुतं, खड्डं जाईस्तवर कापलं. तू काय सांगितलं हुतंस? सीट मार. मी मारली. तू सांगितलं हुतंस का की एवढ्याच्या खाली जाऊ नगं?"

नव्हतं सांगितलं.

"आणि हे हेड माझ्याकडं आलं तवाच किती आत हुतं, तू मोजलं हुतंस?"

नव्हतं मोजलं. आता हे प्रकरण कसं आहे बघा, ते हेड आयुष्यात पहिल्यांदा थोडंच उघडलं होतं, याआधी एकदोनदा तरी कुणीतरी सीट कापल्या असणार, व्हॉल्व घासले असणार. प्रत्येकानं थोडंथोडं. कापणारा प्रत्येकजण स्वच्छ काम करून गेला, आणि प्रत्येक वेळी व्हॉल्व थोडा खोल गेला. पंचेचाळीस अंशाच्या सीटचा पृष्ठभाग तुम्ही एक दशांश मिलिमीटर खरवडला तर व्हॉल्व आत एक दशांश जात नाही, १४ शतांश जातो, तिरक्याचं गणित आहे ते. व्हॉल्वची कड घासली तर तेही त्यातच मिळवायचं. त्यामुळं माझ्या दीड मिलिमीटरातलं पैलवानाचं किती, आधीच्या मिस्त्र्यांचं किती, हे आता देवालाच माहीत. मागं जाऊन मोजता येत नाही ना. लोखंडाचा चुरा झाडून गेला.

मला भांडायचं होतं आणि भांडायला जागाच मिळेना, यासारखा वैताग नाही.

वर पैलवान म्हणाला, "पण मी फेसिंगला पाव मिलिमीटर काढला की. त्यानं कॉम्प्रेशन वाढतं." फेसिंग म्हणजे हेडाचा तळ घासून सपाट करणं. इथं मात्र मी त्याला धरला. ही समजूत इतक्या लोकांची आहे की सांगायची सोय नाही. पेट्रोलच्या हेडात खोलगट चेंबर असतो, तिथं हेड घासलं की चेंबर उथळ होतो, कॉम्प्रेशन वाढतं. असल्या डिझेलचं हेड तळाला ताटासारखं सपाट, वाटी पिस्टनमध्ये. ताट घासून पातळ केलं म्हणून वाटीत मावणारी आमटी कमी होत नाही. फेसिंगनं एवढंच होतं की व्हॉल्वचे खड्डे पाव मिलिमीटरनं उथळ होतात, म्हणजे ते न काढता मोजलं असतं तर आकडे याहून वाईट निघाले असते. आणि एक भलतीच गोष्ट होते, नोझलचं टोक पाव मिलिमीटर जास्त बाहेर येतं, फवारा वाटीत ठरल्या जागी न पडता भलतीकडं पडतो, मग तांब्याचा जाड वायसर घालून ते परत वर घ्यावं लागतं. तो वायसर मी घातला होता, हं. एवढं तरी केलं होतं. म्हणजे बघा, नोझलची उंची मी मोजली आणि व्हॉल्वची नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही. नोझल महाग असतो म्हणून असेल.

शेवटी इलाज एकच. बाराच्या बारा जागी नवीन सीट रिंगा. जुनी काढायची, खाच साफ बोअर करायची, रिंग गार करून आणि हेड गरम करून ती दाबून बसवायची, आणि मग नवीन सीट कापायची, पण या वेळी डोळ्यानं नाही, डायल लावून, थोडं कापायचं मोजायचं, थोडं कापायचं मोजायचं. मी तिथंच स्टूल टाकून बसलो. तिसऱ्या रिंगला पैलवान थांबला, रिंग एका बाजूनं उंच लागत होती, काढून बघितली तर खाचेच्या तळाला बोअरिंगचा एक कुरळा चुरा राहिलेला, नखाच्या अर्ध्याएवढा. तसंच ठोकलं असतं तर त्या दिवशी माप बरोबर आलं असतं, सीट कापल्यावर निळंही सुंदर आलं असतं, आणि महिन्याभरात चुरा दबून रिंग सैल झाली असती. त्यानं तो चुरा चिमटीत धरून मला दाखवला आणि काही बोलला नाही. मीपण काही बोललो नाही. चहा मागवला.

खर्च कुणी द्यायचा? रिंगा माझ्या, मजुरी त्याची, गॅस्केट माझं. आबांकडून एक रुपया घेतला नाही, पण त्यांच्या तीन खेपा बुडाल्या त्याचं काय, ते ना मी काढलं ना त्यांनी. दोन दिवसांनी गाडी बांधली. पाचव्याचं कॉम्प्रेशन साडेतेवीस, बाकीची २४ च्या आगेमागे. रात्रभर उघड्यावर उभी केली मुद्दाम, आणि पहाटे पाचला मी एकटाच शेडला जाऊन सेल्फ मारला. पहिल्यांदा तो कण्हला. मला इतकं बरं वाटलं त्या कण्हण्यानं. दुसऱ्या फेऱ्यात लागली.

त्याच हंगामात उलटी केसपण आली, ती पटकन सांगतो. छोटी डिझेल कार, दुसरीकडं कुठंतरी हेडाचं काम करून आलेली, हायड्रॉलिक टॅपेटवाली. सकाळी लागायची बरी, पाचदहा मिनिटांत एक सिलिंडर मिस मारायला लागायचा. अशा इंजिनात स्क्रू नाही, नट नाही, टॅपेट तेलाच्या दाबानं स्वतःच फट भरून काढतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण तो भरून काढतो म्हणजे त्याच्या मापात असेल तेवढंच. सीट खोल कापल्यामुळं दांडी इतकी वर आली होती की टॅपेट तळापर्यंत दाबला जाऊनही जागा पुरत नव्हती, तेल भरलं, इंजिन तापलं, की तो व्हॉल्वला पूर्ण मिटूच द्यायचा नाही. रॉकेल टेस्टला ते हेडही पास, कारण टेबलावर टॅपेट कुठं असतो? तिथं दांडीचं टोक जपून थोडं घासून काम भागलं. फार घासायचं नसतं, टोकाचा कडक थर पातळ असतो, तो गेला की आतलं मऊ लोखंड महिन्यात चेपतं.

आणि व्हॉल्व हेडाच्या तोंडाबाहेर राहिला, म्हणजे पुरेसा आत गेला नाही, तर ते सगळ्यात भयंकर, मग पिस्टन येऊन त्याला टपली मारतो. ते मी सुदैवानं आवाजावरच ओळखलेलं आहे, पिस्टनच्या माथ्यावर अर्धचंद्र उमटायच्या आत. एकदाच.

यावरनं उस्तादांचं शिसं आठवलं. मी शिकायला होतो तेव्हा विहिरीवरची इंजिनं खूप यायची, किर्लोस्करचं ते एक सिलिंडरचं पाच हॉर्सपॉवरचं, १५०० आरपीएम, ८० चा बोअर. ते खोलून परत बांधताना उस्ताद पिस्टनवर शिशाच्या तारेचे दोन तुकडे ग्रीसनं चिकटवायचे, हेड आवळायचे, फ्लायव्हील हातानं एक पूर्ण फेरा फिरवायचे, हेड परत उतरवायचे आणि चपटलेलं शिसं मायक्रोमीटरमध्ये धरायचे. पिस्टन आणि हेडमध्ये किती जागा राहते ते शिसं सांगतं. कमीजास्त असेल तर सिलिंडरखालच्या पॅकिंगा बदलायच्या. आम्ही पोरं वैतागायचो, आवळलेलं हेड परत काय काढायचं, दुपार जाते. एकदा मी विचारलं की हे तर डोळ्यानं दिसतंय बरोबर बसलंय. उस्ताद म्हणाले, "बसलंय ते मला पण दिसतंय रे. कुठं बसलंय ते दाखव." आणि मग ती शिवी.

आता माझ्याकडून जाणारं प्रत्येक हेड आधी मोजून जातं. बारा व्हॉल्व असतील तर बारा आकडे. सुरुवातीला मी ते मार्करनं हेडाच्या कडेलाच लिहायचो, पहिल्याच वेळी पैलवानानं हेड धुवायला कॉस्टिकच्या टाकीत उकळलं आणि आकडे त्या काजळीबरोबर वाहून गेले. मग चिठ्ठी द्यायला लागलो, चिठ्ठीला तेल लागून ती पारदर्शक झाली. आता पाटीवर खडूनं लिहून फोटो काढतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवतो, वर एक ओळ, याच्या खाली जायचं असेल तर आधी फोन.

परवा खरंच फोन आला. दुपारी जेवत होतो. पैलवान म्हणाला, "ते तुझं आकडं बघतोय. ही शून्याच्या आतली मापं तू प्लस लिहिलीस का मायनस?"

म्हणलं, आतलं ते मायनस, नेहमीसारखं.

पलीकडं जरा वेळ काहीच नाही, मागं मशीन चालू असल्याचा आवाज.

"पाटीवर तर काहीच चिन्ह दिसंना," तो म्हणाला. "नुसतं आकडं हायत."

मी म्हणलं तू मशीन बंद कर. हात धुतला आणि गाडीची किल्ली शोधायला लागलो.